बंद कारखान्यांच्या चालत्या गाड्या

जुनी ब्रिटिश मोटारसायकल पुन्हा उभी करायची म्हणजे तिचा कारखाना उरलेला नसताना तिचे सुटे भाग मिळवायचे. स्टिव्हनेजची व्हिन्सेंट १९५५ मध्ये थांबली. मॅचलेस आणि एजेएस बनवणाऱ्या प्लमस्टेडच्या असोसिएटेड मोटार सायकल्सचे १९६६ मध्ये दिवाळे वाजले. रॉयल एनफिल्डचा रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये आणि बर्मिंगहॅमची व्हेलोसेट १९७१ मध्ये बंद पडली. १९५१ मध्ये ट्रायम्फला विकत घेणारी बीएसए १९७३ साली नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ या नव्या कंपनीत विरून गेली. ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेने काही वर्षे रेटला, पण १९८३ मध्ये तोही संपला. गाड्या मात्र उरल्या. त्यांतल्या कोणत्या गाडीचे भाग आज सहज मिळतात आणि कोणत्या गाडीसाठी वणवण करावी लागते, हे ती किती संख्येने बनली यावर तितकेसे ठरत नाही. कारखाना बंद होताना साचे, नकाशे आणि उरलेला माल कोणाच्या हाती पडला, यावर ते अधिक ठरते.

व्हिन्सेंट हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. युद्धानंतर या कंपनीने काही हजारच गाड्या बनवल्या, तरी तिच्या भागांची टंचाई जाणवत नाही. १९४८ मध्ये, कंपनी चालू असतानाच, मालकांचा क्लब स्थापन झाला होता. पुढे त्यातूनच भाग बनवून घेणारी स्वतंत्र कंपनी निघाली, आणि आज इंजिनाच्या आतला बहुतेक प्रत्येक तुकडा नवा मिळतो. एजेएस-मॅचलेस आणि व्हेलोसेट यांच्या क्लबांनीही हीच वाट धरली. नॉर्टनचे तसे नाही. कमांडो १९६७ मध्ये आली आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बनत राहिली. तिचे मूळ नकाशे अँडोव्हर नॉर्टन या व्यापारी कंपनीकडे गेले आणि त्यांवरून भाग अजून बनतात. ट्रायम्फच्या बाबतीत मेरिडन बंद झाल्यावर लेस हॅरिस यांनी डेव्हनमधल्या न्यूटन अ‍ॅबट इथे १९८५ ते १९८८ या काळात परवान्यावर बोनेव्हिल बनवली. ते उत्पादन थांबले तरी भाग बनवण्याचा धंदा चालू राहिला.

दुसरा मोठा झरा सैन्याचा. दुसऱ्या महायुद्धात बीएसए एम२० ही ५०० सीसीची साइड व्हॉल्व्ह गाडी सव्वा लाखाच्या आसपास बनली. नॉर्टन १६एच, मॅचलेस जी३एल, एरियल डब्ल्यूएनजी आणि ट्रायम्फ ३एचडब्ल्यू याही सैन्याच्याच गाड्या. सैन्य गाडीबरोबर भागांचीही घाऊक मागणी नोंदवते. ग्रीस लावून मेणकागदात गुंडाळलेला, वर क्रमांक छापलेला तो माल युद्धानंतर लिलावात निघाला आणि कित्येक दशके पुरला. म्हणूनच १९४२ च्या एम२० चा व्हॉल्व्ह मिळणे १९३२ च्या मुलकी गाडीचा व्हॉल्व्ह मिळण्यापेक्षा सोपे आहे. खरी पंचाईत होते ती वीस-तीसच्या दशकांतल्या गाड्यांची आणि थोड्या वर्षांत गुंडाळलेल्या मॉडेलांची. त्यातही एक सवलत आहे. लहान ब्रिटिश कारखाने बरेचसे सामान बाहेरून घेत: इंजिन जॅप किंवा व्हिलियर्सचे, गिअरबॉक्स बर्मनचा, कार्ब्युरेटर अमलचा, मॅग्नेटो ल्युकासचा, स्पीडोमीटर स्मिथ्सचा. त्यामुळे टाकीवरचे नाव कोणी ऐकलेले नसले तरी गिअरबॉक्सचे दाते एरियलच्या किंवा मॅचलेसच्या भागांत सापडू शकतात.

भाग शोधण्याआधी गाडी नेमकी कोणती हे ठरवावे लागते, आणि हे वाटते तितके सोपे नसते. साठ-सत्तर वर्षांत एका गाडीचे इंजिन दुसरीत आणि तिसरीचा फोर्क पहिलीत गेलेला असतो. ओळख सुरू होते ती इंजिन आणि चासीच्या क्रमांकांपासून. ट्रायम्फ आणि नॉर्टनमध्ये हे दोन्ही क्रमांक बहुतेक काळ एकच असत. बीएसएमध्ये मात्र साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ते मुळातच वेगळे असायचे. तेव्हा क्रमांक जुळत नाहीत एवढ्यावरून बीएसएला खोटी ठरवणे चुकीचे. १९६९ च्या मॉडेलांपासून ट्रायम्फच्या क्रमांकापुढे दोन अक्षरे येतात, पहिले महिन्याचे आणि दुसरे वर्षाचे. १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटार सायकल क्लबकडे अनेक कंपन्यांच्या जुन्या नोंदवह्या आहेत आणि तो त्यांवरून गाडीचा जन्म सांगतो. क्रँककेसच्या खालची बाजूही पाहायला हवी. ट्विन म्हणजे दोन सिलिंडरच्या इंजिनांच्या क्रँककेसचे दोन्ही अर्धे भाग कारखान्यात एकत्र बसवूनच मशीनवर घेत आणि दोहोंवर एकच क्रमांक ठोकत. ते क्रमांक वेगळे निघाले तर समजावे की अर्धे इंजिन दुसरीकडून आले आहे. अशा जोडीत बेअरिंगची घरे एका रेषेत असतीलच असे नाही.

ओळख पटली की त्या वर्षाचे पार्ट्स बुक मिळवायचे. जीर्णोद्धारात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खरेदी हीच. त्यात प्रत्येक तुकड्याचे चित्र आणि क्रमांक असतो, आणि व्यापारी आजही त्याच क्रमांकावर बोलतात. ट्रायम्फच्या जुन्या यादीत इंजिनाच्या भागांआधी ई आणि चासीच्या भागांआधी एफ हे अक्षर येई, पुढे त्यांच्या जागी ७० आणि ८२ आले. नॉर्टन कमांडोच्या भागांचे क्रमांक ०६ ने सुरू होतात. 'पासष्टच्या बोनेव्हिलचा क्लच' असे मागणाऱ्याला काहीही मिळू शकते, क्रमांक सांगणाऱ्याला तोच भाग मिळतो.

बाजारात भाग तीन तऱ्हांनी येतो. पहिला जुना पण कोरा, म्हणजे कारखान्यातून निघालेला आणि कधीच न बसवलेला. व्यापारी त्याला एनओएस म्हणतात आणि भावही तसाच लावतात. लोखंड, पोलाद आणि पितळेच्या बाबतीत तो भाव रास्त असतो. ऑइल सील, कंडेन्सर, क्लचच्या प्लेटा आणि रबर यांच्या बाबतीत मात्र तो पैसा पाण्यात, कारण पन्नास वर्षे डब्यात पडून राहिलेले रबर वापरलेल्या रबराइतकेच मेलेले असते. दुसरा वापरलेला. गिअर, कॅम, हब, क्रँककेस हे पुष्कळदा वापरलेलेच घ्यावे लागतात, आणि मूळ पोलाद इतके चांगले होते की फार न झिजलेला जुना गिअर नव्या नकलेपेक्षा बरा ठरतो. तिसरा नव्याने बनवलेला, ज्याला पॅटर्न पार्ट म्हणतात. यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. क्लबांनी किंवा मूळ नकाशे असणाऱ्यांनी बनवलेले भाग कधीकधी मूळ भागांहून सरस असतात, तर नुसता जुना तुकडा समोर ठेवून केलेल्या नकलेत त्या तुकड्याची झीजही उतरलेली असते. पत्र्याच्या टाक्या आणि मडगार्डे यांचा मोठा पुरवठा भारतातून होतो. त्यांचा आकार साधारण बरोबर येतो, पण भोके जागेवर येतीलच याची खात्री नसते.

ब्रिटनमध्ये हे सारे जिथे एकत्र दिसते तो बाजार म्हणजे ऑटोजंबल. ब्यूलीचा मोठा ऑटोजंबल १९६७ पासून भरतो. स्टॅफर्डच्या वर्षातून दोनदा होणाऱ्या प्रदर्शनात निव्वळ मोटारसायकलींचा माल असतो. शिवाय एकेका जातीला वाहिलेली दुकाने आहेत: एनफिल्डसाठी सॉलीहलचे हिचकॉक्स, एरियल आणि बीएसएसाठी सफोकमधले ड्रॅगनफ्लाय, बीएसए ट्विनच्या इंजिनकामासाठी वेल्समधले एसआरएम. जंबलमध्ये खरेदी करणाऱ्याजवळ व्हर्नियर कॅलिपर आणि आट्यांचे गेज ही दोन साधने हवीतच.

आट्यांचा विषय ब्रिटिश गाडीत स्वतंत्र शिकावा लागतो. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्याचे प्रमाण घालून दिले. त्यातून पुढे बारीक आट्यांचे बीएसएफ निघाले. सायकल उद्योगाने मात्र ६० अंशांचा, बहुतेक मापांत इंचाला २६ आटे असलेला सीईआय आटा स्वीकारला, आणि मोटारसायकल सायकलवाल्यांनीच बनवल्यामुळे तोच तिच्यात आला. विजेच्या सामानात बीए हे तिसरेच प्रमाण. साठच्या दशकाच्या अखेरीस बीएसए आणि ट्रायम्फ अमेरिकी धाटणीच्या यूएनएफ-यूएनसीकडे वळल्या. त्यामुळे त्या काळातल्या एकाच गाडीत तीन-चार जातींचे बोल्ट असतात. पाव इंचाचा बोल्ट घेतला तर गोंधळ पुरता कळतो. पाव इंची बीएसएफला इंचाला २६ आटे, पाव इंची सीईआयलाही २६. दोन्हींचा व्यास एक आणि अंतर एक, फरक फक्त कोनाचा. एकाचा नट दुसऱ्यावर चढतो, आवळला जातो, पण आट्यांची पूर्ण पकड बसत नाही. यूएनएफला २८ आटे, म्हणून तो दोन-तीन फेरे जाऊन अडतो. तिथे थांबले तर ठीक, जोर लावला तर आटे गेले. सहा मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट तर त्याच भोकात ढिला का होईना, आत जातो, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये पहिल्याच आवळणीत आटे घेऊन बाहेर येतो. आजवरच्या बहुतेक मिस्त्र्यांनी हे केलेले असते, हे गाडी खोलल्यावर दिसतेच.

पान्यांचे गणितही वेगळे. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा तोंडाची रुंदी सांगत नाही, बोल्टच्या दांड्याचा व्यास सांगतो. पाव इंच लिहिलेल्या पान्याचे तोंड अर्ध्या इंचाहून थोडे मोठे असते, आणि तोच पाना पाच-सोळांश बीएसएफला चालतो. मेट्रिक पान्याने काम भागवण्याची हौस नटांचे कोपरे गोल करून संपते.

इंजिन बाहेरून कितीही चांगले वाटले तरी ते पूर्ण खोलावेच लागते. याचे सर्वांत मोठे कारण ट्रायम्फच्या ट्विनमध्ये पाहायला मिळते. तेल गाळायला या इंजिनात जाळीखेरीज काही नव्हते, म्हणून क्रँकच्या पोटात एक नळी बसवलेली असते. क्रँक फिरताना तेलातला गाळ बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन या नळीत साठतो, आणि साफ तेल बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगला, जाते. नळी भरली की तेलाची वाट बंद होते. वरवर 'इंजिन केले आहे' म्हणून विकलेल्या गाडीत पिस्टन आणि रिंगा नव्या असतात, नळीला कोणी हात लावलेला नसतो. तिच्या तोंडाचा आट्यांचा बूच कारखान्याने सेंटर पंचने ठोकून पक्का केलेला असतो. तो ठोका ड्रिलने काढल्याशिवाय बूच हलत नाही. नळी जागेवर ठेवणारा फ्लायव्हीलचा बोल्ट आधी काढावा लागतो, मगच ती ओढून निघते. आत डांबरासारखा घट्ट काळा लगदा भरलेला असतो. नवी नळी बसवताना तिचे भोक त्या बोल्टच्या समोर आले पाहिजे. असा गाळ साचलेल्या इंजिनात आधुनिक डिटर्जंट तेल भरले की जुना थर सुटतो आणि नेमका बिग एंडच्या वाटेत जाऊन बसतो. म्हणून न खोललेल्या इंजिनात साधे मोनोग्रेड तेलच बरे.

बीएसएच्या ए६५ या ट्विनची दुखरी जागा निराळी. तिच्या टायमिंगच्या बाजूला क्रँक साध्या बुशमध्ये फिरतो आणि बिग एंडचे तेल त्या बुशमधूनच जाते. बुश झिजला की तेल तिथूनच निसटते, दाब पडतो आणि कनेक्टिंग रॉडवर बेतते. तेल क्रँकच्या टोकातून सोडायचे आणि बुशच्या जागी रोलर बेअरिंग घालायचे, ही दुरुस्ती आता सर्वमान्य आहे. मूळपणाचा आग्रह इथे बाजूला ठेवणेच शहाणपणाचे, कारण तो भाग बाहेरून दिसतही नाही आणि मूळ रचना चुकीचीच होती.

बाकी इंजिनकाम कोणत्याही जुन्या इंजिनासारखे. सिलिंडर दहा-वीस हजारांश इंचाच्या टप्प्यांनी बोअर होतो, पिस्टन त्या मापांत मिळतात, आणि शेवटचे मापही संपले की स्लीव्ह बसवतात. कास्ट आयर्नच्या हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट घालण्याचा प्रश्न २००० सालापासून उठला. त्या वर्षी ब्रिटनमध्ये आणि भारतातही शिशाचे पेट्रोल बंद झाले. एम२० सारख्या १३ हॉर्सपॉवरच्या संथ गाडीला त्यावाचून फरक पडत नाही, महामार्गावर पळवायच्या ट्विनला मात्र सीट बदलून घ्याव्यात.

विजेच्या बाबतीत ल्युकासची चेष्टा करण्याची परंपरा जुनी आहे. ब्रिटिश मोटारसायकलस्वार जोसेफ ल्युकास यांना 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत आले. खरे पाहता मॅग्नेटो हे फार विश्वासू यंत्र. त्याला बॅटरी लागत नाही आणि तो दशकानुदशके ठिणगी देतो. बिघडतो तो दोन गोष्टींनी. आर्मेचरवर लावलेले जुने शेलॅक उष्णतेने मऊ होऊन बाहेर येते आणि फिरणारा भाग चिकटवते, किंवा आर्मेचरच्या आत दडलेला कंडेन्सर जातो. गाडी थंड असताना पहिल्या किकला सुरू होते आणि पेट्रोल पंपावर थांबल्यावर काही केल्या सुरू होत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा याच दोहोंपैकी एकीची असते. इलाज म्हणजे नवी वाइंडिंग, नवा कंडेन्सर आणि चुंबक पुन्हा भारून घेणे. डायनॅमो सहा व्होल्टचा आणि साठ वॅटचा, त्यामुळे रात्रीचा उजेड नावापुरता. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला की तोच डायनॅमो बारा व्होल्टला चालतो. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते. हे न पाहता नवे उपकरण जोडले की ते लगेच जळते.

अमल ही कंपनी १९२७ मध्ये तीन कार्ब्युरेटर कंपन्या एकत्र येऊन बनली. तिचे मोनोब्लॉक १९५५ चे आणि कन्सेंट्रिक १९६७ चे. आज सॉल्सबरीची बर्लेन ही कंपनी ते नवे बनवते, आणि झिजलेला जुना कार्ब्युरेटर दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवा घेणेच पुष्कळदा स्वस्त पडते. खरा शत्रू आता इथेनॉल आहे. भारतात सर्रास मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात, टाकीच्या आतला जुना लेप सुटतो आणि तो जेटमध्ये अडकतो. सुरुवातीच्या कमांडोंच्या टाक्या फायबरग्लासच्या होत्या. त्या तर आतून विरघळू लागतात.

रंग आणि मुलामा यांवर सर्वांत जास्त पैसा जातो, आणि सर्वांत जास्त पश्चात्तापही इथेच होतो. १९३० च्या आधीच्या गाड्यांवर साधारणपणे निकेल असे, क्रोम नंतर आले. तेव्हा १९२६ ची चकचकीत क्रोमची गाडी जाणकाराला खटकते. चासीवर पावडर कोटिंग टिकते, पण त्याचा जाड थर बेअरिंगच्या जागा आणि आटे भरून टाकतो. ट्रायम्फच्या १९३७ च्या स्पीड ट्विनचा अमरांथ लाल किंवा व्हिन्सेंटच्या काळ्या टाकीवरच्या सोनेरी रेषा यांचे मूळ नमुने टाकीच्या तळाशी किंवा टूलबॉक्सच्या झाकणाआड अनेकदा शाबूत असतात. घासायच्या आधी ते शोधून फोटो घेऊन ठेवावेत. अलीकडे मूळ रंग फिका पडलेली पण अस्सल गाडी नव्याने रंगवलेल्या गाडीहून महाग जाऊ लागली आहे. या कलाचे स्वागत करावे, कारण त्यामुळे निदान काही गाड्या वाचतील.

भारतात या गाड्या मुख्यतः युद्धकाळात सैन्याबरोबर आल्या आणि 'डिस्पोजल'मधून, म्हणजे सैन्याच्या लिलावांतून, लोकांच्या हाती पडल्या. गाडी चालू ठेवण्याची इथली रीत निराळी होती. भाग येत नसत, म्हणून लेथवर बनवून घेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी ओतकाम आणि टर्निंगचे हात आजही आहेत, आणि बुश, स्पिंडल, स्टड, प्रसंगी कव्हरही नमुन्यावरून बनून मिळते. मुंबईचा चोर बाजार, रविवारी आणि बुधवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार इथे दिवे, स्पीडोमीटर, टूलबॉक्स कधीमधी हाती लागतात. या जुगाडाची दुसरी बाजूही आहे. भारतातून युरोपात गेलेल्या अनेक 'नव्यासारख्या' बीएसए-नॉर्टन गाड्यांनी तिथे वाईट नाव कमावले, कारण वर ताजा रंग आणि आत तीन गाड्यांचे जमवलेले तुकडे असत.

एनफिल्डची गोष्ट मात्र उलटी आहे. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर भारतात सुरू झालेले बुलेटचे उत्पादन रेडिच बंद झाल्यावरही चालूच राहिले, आणि जुने कास्ट आयर्न इंजिन २००९-१० च्या सुमारापर्यंत बनत होते. त्यामुळे पन्नासच्या दशकातल्या रेडिचच्या ३५० बुलेटला पिस्टन, क्लच, गिअर हवे असले की ब्रिटिश मालकही भारतीय मालाकडे पाहतो. सगळे जसेच्या तसे बसत नाही, पण ७० बाय ९० मिलिमीटरचे सिलिंडर दोन्हीकडे तेच. आज एनफिल्ड आयशरकडे, नॉर्टन २०२० पासून टीव्हीएसकडे, बीएसए २०१६ पासून महिंद्राच्या क्लासिक लेजंड्सकडे आहे, आणि ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या बजाज चाकणमध्ये बनवते. नावे भारतीय हातांत आली तरी १९६५ च्या बोनेव्हिलसाठी चाकणला जाऊन उपयोग नाही.

कागदपत्रांसाठी २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' ठरते. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्या नोंदणीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, तिचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षांची, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे यांपुरतीच मुभा आहे. डिस्पोजलच्या गाड्यांचे मूळ कागद बहुधा हरवलेले असतात आणि आरसी बुकात कारकुनाने इंजिनाचा क्रमांक चासीच्या रकान्यात लिहिलेला सापडतो. ही दुरुस्ती गाडी खोलण्याआधी आरटीओत करून घ्यावी. बीएसएच्या मालकाला तर दोन्ही क्रमांक वेगळे का, हेही तिथे समजावून सांगावे लागते, आणि त्यासाठी क्लबचे तारखेचे प्रमाणपत्र हाताशी असलेले बरे.